लिनक्सचे प्रात्यक्षिक टर्मिनलपासून सुरू व्हावे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातील तंत्रनिकेतने आणि महाविद्यालये यांच्या संगणक प्रयोगशाळांत लिनक्स ही संगणकप्रणाली आता नवलाईची राहिलेली नाही, आणि खेड्यातून आलेली, घरी संगणक नसलेली मुले पहिल्याच वर्षी टर्मिनलच्या काळ्या खिडकीत आज्ञा लिहू लागतात, याचे मला मनापासून समाधान वाटते. मात्र ज्या खिडकीत या आज्ञा लिहायच्या त्या खिडकीविषयी, म्हणजे खुद्द टर्मिनलविषयी, मुलांना जवळजवळ काहीच सांगितले जात नाही. माझ्या पाहण्यात आलेल्या जर्नलांत पहिले प्रात्यक्षिक फाइलींची यादी काढण्याच्या आज्ञेपासून सुरू होते आणि शेवटचे शेल स्क्रिप्टवर, म्हणजे फाइलीत लिहून ठेवलेल्या आज्ञांच्या मालिकेवर, संपते. कंट्रोल कळा आणि टर्मिनलची मांडणी यांना त्यात कोठेही स्वतंत्र जागा नसते. परिणाम असा, की पडदा थांबला की मूल खिडकी बंद करते, नाहीतर थेट यंत्राचे बटण दाबते, आणि तेच योग्य आहे अशी त्याची समजूत पदवी मिळेपर्यंत टिकते. नवे सत्र सुरू होण्यापूर्वी या उणिवेकडे अभ्यासमंडळांचे आणि सहअध्यापकांचे लक्ष वेधावे, यासाठी हा पत्रप्रपंच. (पत्रातील आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, त्या अर्थातच इंग्रजी लहान अक्षरांत टंकायच्या असतात.)

प्रथम मूळ गोष्ट. कळफलकावर दाबलेली कळ थेट प्रोग्रामपर्यंत पोहोचते असे विद्यार्थ्यांना वाटते, पण तसे होत नाही. मध्ये कर्नलमधील, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातील, टर्मिनलची व्यवस्था बसलेली असते. ती आलेले प्रत्येक चिन्ह तपासते, काही पडद्यावर उमटवते, काही पुसते, काहींचा संकेत समजून प्रोग्रामला थांबवते, आणि एंटर दाबल्यावरच पूर्ण झालेली ओळ प्रोग्रामच्या हाती देते. कोणत्या चिन्हाचा काय अर्थ घ्यायचा याची एक तालिका तिच्याजवळ असते, आणि 'एसटीटीवाय डॅश ए' ही आज्ञा दिली की ती तालिका पडद्यावर येते. तिथे व्यत्ययासाठी टोपीच्या, म्हणजे कंट्रोल कळ दर्शवणाऱ्या, चिन्हासह सी, ओळ पुसण्यासाठी यू, शब्द पुसण्यासाठी डब्ल्यू, निवेश, म्हणजे प्रोग्रामला दिली जाणारी माहिती, संपल्याचे कळवण्यासाठी डी असे सारे स्पष्ट लिहिलेले असते. ही तालिका बदलता येते, हे तर अनेक पदवीधरांनाही ठाऊक नसते. 'एसटीटीवाय आयएनटीआर' असे लिहून पुढे दुसरी कळ दिली की त्या खिडकीपुरते थांबवण्याचे काम कंट्रोल-सीकडून त्या कळीकडे जाते. वर्गात हा प्रयोग एकदा केला, तरी कंट्रोल-सीमध्ये जादू नाही, ती केवळ एक नोंद आहे, हे मुलांच्या ध्यानात कायमचे राहते.

या कळा अशाच का, याचे उत्तर मुलांना सांगितले तर पाठांतराची गरजच उरत नाही. १९६३ साली आस्की ही संकेतप्रणाली पहिल्यांदा प्रमाणित झाली आणि तिच्या १२८ संकेतांपैकी पहिले ३२ संकेत छापण्यासाठी नव्हे, तर यंत्राला सूचना देण्यासाठी राखून ठेवले गेले. कंट्रोल कळ दाबून एखादे अक्षर दाबले, की त्या मोठ्या अक्षराच्या संकेतातून ६४ वजा होतात. म्हणजे सी हे वर्णमालेतले तिसरे अक्षर, तर कंट्रोल-सी हा ३ क्रमांकाचा संकेत. आय नववे, म्हणून कंट्रोल-आय म्हणजेच टॅब. एम तेरावे, म्हणून कंट्रोल-एम म्हणजेच एंटर. एच आठवे, म्हणून कंट्रोल-एच म्हणजे एक घर मागे. चौकोनी कंस सुरू करणारे चिन्ह २७ वर येते आणि तोच एस्केपचा संकेत आहे. एवढे फळ्यावर मांडले, की मुले पुढचे संकेत स्वतः मोजून सांगू लागतात. त्याच वर्षी बाजारात आलेले टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला १० अक्षरे कागदावर छापत असे, आणि लिनक्सची पूर्वज असलेल्या युनिक्सची १९६९ पासूनची जडणघडण अशाच यंत्रांवर झाली. सुरुवातीच्या युनिक्समध्ये एक अक्षर पुसायला हॅशचे चिन्ह आणि पूर्ण ओळ रद्द करायला आज आपण ई-मेलच्या पत्त्यात वापरतो ते ॲटचे चिन्ह होते, कारण कागदावर छापलेले अक्षर पुसणे शक्यच नव्हते. आजच्या खिडकीतील पुष्कळशा सवयी त्या कागदी काळातून आलेल्या आहेत.

आता कंट्रोल-एस या कळीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण मुलांचे सर्वाधिक नुकसान हीच कळ करते. शाळेतल्या विंडोज संगणकावर कंट्रोल-एस म्हणजे जतन करणे, ही सवय बोटांना लागलेली असते. एका प्रात्यक्षिक परीक्षेत एक विद्यार्थिनी जुन्या आवृत्तीच्या विम संपादकात सी भाषेतला प्रोग्राम लिहीत होती. प्रोग्राम जवळजवळ पूर्ण झाला, तिने सवयीने कंट्रोल-एस दाबले आणि पडदा जागीच थांबला. ती अक्षरे टंकत राहिली, बाणाच्या कळा दाबत राहिली, काहीच हलेना. पर्यवेक्षकांनी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितले. वास्तविक तिचा प्रोग्राम शाबूत होता आणि तिने दाबलेली प्रत्येक कळ आत पोहोचतही होती; थांबले होते ते केवळ पडद्यावर येणे. कालव्याच्या चारीवरचे गेट पाडले की पाणी मागे तुंबते, आटत नाही, तसाच हा प्रकार असतो. कंट्रोल-क्यू दाबले असते तर गेट उघडून सारे काही क्षणात पडद्यावर आले असते. टेलिटाइपच्या काळात हे दोन संकेत कागदी फीत वाचणारे यंत्र थांबवण्यासाठी आणि चालू करण्यासाठी होते, पुढे संथ टर्मिनलवर माहितीचा ओघ आवरण्यासाठी ते कामी आले, आणि आज त्यांची गरज क्वचितच पडत असली तरी बहुतेक यंत्रांवर ती नोंद चालूच असते. विमच्या अलीकडच्या आवृत्त्या स्वतः चालू असताना ही नोंद बंद करून ठेवतात, पण आपल्या प्रयोगशाळांतील यंत्रांवरची प्रणाली अनेकदा बरीच जुनी असते. शिवाय यंत्र अचानक बंद झाले तरी विम एक तात्पुरती फाइल राखून ठेवतो आणि 'विम डॅश आर' ही आज्ञा देऊन तीतून बराचसा मजकूर परत मिळवता येतो. त्या मुलीला तेही कोणी सांगितले नव्हते, आणि तिला कोऱ्या पडद्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागली.

यावरचा कायमचा उपाय एका ओळीचा आहे. 'एसटीटीवाय डॅश आयएक्सऑन' ही आज्ञा दिली की कंट्रोल-एसचे हे थांबवणे बंद होते, आणि ती बॅशच्या, म्हणजे आपल्या आज्ञा वाचून चालवणाऱ्या शेलच्या, सुरुवातीच्या फाइलीत (होम फोल्डरमधील 'डॉट बॅशआरसी'मध्ये) लिहून ठेवली की प्रत्येक नव्या खिडकीत आपोआप लागू होते. जुन्या आज्ञा मागे शोधण्यासाठी कंट्रोल-आर वापरणाऱ्यांना त्यामुळे कंट्रोल-एसने पुढे शोधण्याची सोयही मोकळी होते. फक्त एक काळजी घ्यावी: ही ओळ शेल संवादी असेल, म्हणजे समोर माणूस आज्ञा टंकत असेल, तरच चालेल अशा अटीत लिहावी. अन्यथा फाइली पाठवणाऱ्या स्क्रिप्टमधून, जिथे टर्मिनलच नसते, तिथे तीच ओळ चूक झाल्याचा संदेश देत राहते आणि प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या माणसाचा दिवस त्याचे कारण शोधण्यात जातो.

कंट्रोल-झेडविषयी याच्या उलट गैरसमज आहे. प्रोग्राम बंद करायला मुले सर्रास कंट्रोल-झेड दाबतात, पुन्हा आज्ञा देण्याची जागा दिसते, आणि प्रोग्राम संपला असे त्यांना वाटते. तो संपलेला नसतो, केवळ निद्रिस्त असतो. त्याने अडवलेली स्मृती आणि त्याने उघडलेला पोर्ट (जाळ्यावरील जोडणीचा क्रमांक) त्याच्याकडेच राहतो. जाळ्यावरचा छोटा सर्व्हर लिहिण्याच्या प्रात्यक्षिकात हे हमखास दिसते: दुसऱ्यांदा प्रोग्राम चालवला की पत्ता आधीच वापरात असल्याचा संदेश येतो, आणि मूल आपल्या प्रोग्राममध्ये नसलेली चूक शोधत तासभर बसते. 'जॉब्स' ही आज्ञा दिली असती तर थांबून राहिलेला पहिला प्रोग्राम समोर दिसला असता, 'एफजी' लिहून तो पुढे आणता आला असता आणि मग कंट्रोल-सी दाबून खरोखर संपवता आला असता. कंट्रोल-सीलाही दाद न देणाऱ्या प्रोग्रामसाठी कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ ही जोडी आहे. ती वेगळा, ३ क्रमांकाचा सिग्नल पाठवते (वर मोजलेल्या आस्कीच्या ३ शी त्याचा संबंध नाही) आणि व्यवस्था तशी असेल तर प्रोग्रामच्या स्मृतीची प्रतही ठेवून जाते.

कंट्रोल-डी तर बहुतेक ठिकाणी चुकीचीच शिकवली जाते. ती प्रोग्रामला कोणताही सिग्नल पाठवत नाही आणि प्रोग्राम बंद करत नाही. तोवर टंकलेली ओळ, एंटरची वाट न पाहता, प्रोग्रामच्या हाती द्यावी एवढेच ती कर्नलला सांगते. ओळीत काहीच नसेल तर प्रोग्रामच्या हाती शून्य बाइट पडतात, आणि शून्य बाइट म्हणजे निवेश संपला, असा अर्थ तो घेतो. म्हणूनच ओळीच्या मध्यावर असताना कंट्रोल-डी दोनदा दाबावी लागते. हे समजलेल्या विद्यार्थ्याला फाइलचा शेवट कसा ओळखायचा हा सी भाषेतील प्रश्न वेगळा शिकवावा लागत नाही.

हे सारे डोळ्यांनी पाहण्याची एक सोपी रीत मी वर्गात वापरते. फाइलीतला मजकूर दाखवणारी 'कॅट' ही आज्ञा, पुढे कोणतीही फाइल न देता, चालवावी आणि वरचा बाण दाबावा. मागची आज्ञा येत नाही. पडद्यावर टोपीचे चिन्ह, दोन चौकोनी कंस आणि ए अशी अक्षरे उमटतात. बाणाची कळ प्रत्यक्षात तीन चिन्हे पाठवते, आणि त्यांतले पहिले एस्केपचे असते, हे तिथे उघड दिसते. १९७८ च्या व्हीटी१०० या टर्मिनलने रूढ केलेले हे संकेत आजच्या खिडक्या जसेच्या तसे पाळतात. मागच्या आज्ञा दाखवणे, ओळीत मागेपुढे जाणे ही कामे बॅशची आहेत, कर्नलची नाहीत. कॅटमध्ये कंट्रोल-यू आणि कंट्रोल-डब्ल्यू मात्र चालतात, कारण ती कर्नलची आहेत. शेल कोठे संपतो आणि कर्नल कोठे सुरू होते, हे पुस्तकातल्या वर्तुळांच्या आकृतीपेक्षा या एका प्रयोगात अधिक स्पष्ट होते, असा माझा अनुभव आहे.

बॅकस्पेसचा घोळही असाच जुना आहे. कागदी फितीवर चुकलेले अक्षर बाद करायचे तर त्याच्या जागी सातही छिद्रे पाडत, आणि तोच १२७ क्रमांकाचा संकेत ठरला. पुढे काही टर्मिनल बॅकस्पेससाठी १२७ पाठवू लागली, तर काही ८ पाठवत राहिली. म्हणून दूरच्या जुन्या सर्व्हरवर गेल्यावर बॅकस्पेस दाबताच पुसण्याऐवजी टोपीचे चिन्ह आणि एच उमटते. अशा वेळी 'एसटीटीवाय इरेज' लिहून, कंट्रोल-व्ही दाबून, मग बॅकस्पेस दाबावी आणि एंटर द्यावा. आपली कळ जे पाठवते तेच पुसण्याचे चिन्ह म्हणून नोंदले जाते.

मराठी लिहिणाऱ्यांना यापुढची एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण इंग्रजी पुस्तकांत ती सापडत नाही. अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असते आणि मात्रा हे स्वतंत्र चिन्ह असते. 'परभणी' या नावात चार अक्षरे आणि एक वेलांटी अशी ५ चिन्हे, म्हणजे १५ बाइट होतात. टर्मिनलच्या तालिकेत 'आययूटीएफ८' नावाची एक नोंद असते. ती चालू असेल तर एका बॅकस्पेसला कर्नल पूर्ण चिन्ह काढते. बंद असेल तर एकच बाइट काढते. तेव्हा नाव चुकले म्हणून ५ वेळा बॅकस्पेस दाबली, तर पडद्यावर ते पुसल्यासारखे दिसते आणि आत मात्र १० बाइट शिल्लक राहतात. त्यांच्यापुढे टंकलेले नवे नाव फाइलीत जाते ते कचऱ्यासह. गावांची आणि माणसांची नावे मराठीत साठवणारा छोटा प्रोग्राम आपली मुले प्रकल्पासाठी हमखास लिहितात, आणि माहितीत प्रश्नचिन्हे कोठून आली हे त्यांना कळत नाही. 'एसटीटीवाय आययूटीएफ८' ही आज्ञा दिली की पुसणे सुधारते. पुष्कळ टर्मिनल मात्रा मागच्याच अक्षराच्या घरात काढतात आणि कर्नल मात्र तिच्यासाठी एक घर मोजते, त्यामुळे पडदा तरीही थोडा विस्कटलेला दिसू शकतो. पण साठवला जाणारा मजकूर शुद्ध राहतो, आणि महत्त्व त्यालाच आहे.

बिघडलेले टर्मिनल दुरुस्त करणे हाही शिकवण्याचाच भाग आहे. यंत्रभाषेत भाषांतरित झालेली प्रोग्रामची फाइल चुकून कॅटने उघडली, की तिच्यातल्या एखाद्या बाइटचा अर्थ टर्मिनल संकेत म्हणून घेते आणि पुढची सगळी अक्षरे रेघोट्यांसारखी दिसू लागतात. 'रीसेट' एवढा एक शब्द, दिसत नसला तरी, टंकून एंटर दिला की खिडकी पूर्ववत होते. पासवर्ड विचारणारा प्रोग्राम मध्येच मारला गेला तर अक्षरे उमटणेच बंद होते. तेव्हा 'एसटीटीवाय सेन' पुरेसे आहे. कधी एंटरऐवजी टोपी आणि एम उमटत राहते, कारण १३ चे १० मध्ये रूपांतर करणारी नोंद बंद पडलेली असते. तिथे एंटरच्या जागी कंट्रोल-जे दाबावे, कारण जे हे दहावे अक्षर आहे. वर सांगितलेली मोजणी इथे पुन्हा उपयोगी पडते.

आपल्या भागात याची निकड अधिक आहे. लाईट जाते, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालणारी जोडणी तुटते, आणि दूरच्या सर्व्हरवरील खिडकी थिजून बसते. अशा खिडकीत एंटर, मग लाटेसारखे टिल्डे चिन्ह, मग पूर्णविरामाचा टिंब दाबला की एसएसएच, म्हणजे दूरच्या सर्व्हरशी जोडणारा प्रोग्राम, स्वतः जोडणी सोडून देतो आणि खिडकी हाती येते. जोडणी तुटली की त्या टर्मिनलवर चाललेल्या प्रोग्रामना ती तुटल्याचा संकेत जातो आणि सामान्यतः ते बंद पडतात. म्हणून लांब चालणारे काम सर्व्हरवर 'टीमक्स'मध्ये, म्हणजे जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, सुरू करावे, म्हणजे लाईट परत आल्यावर ते जिथल्या तिथे मिळते. पुण्या-मुंबईत अडलेल्या मुलाला शेजारच्या खोलीत विचारायला कोणी ना कोणी असते. सेनगाव किंवा भूमच्या वाडीवरून शिकायला आलेल्या मुलीला आमच्या प्रयोगशाळेखेरीज कोण आहे?

अभ्यासक्रमाला वेळ पुरत नाही, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. आता सगळे ब्राउझरमध्येच चालते, टर्मिनलची गरज काय, असेही विचारले जाते. दुसऱ्या आक्षेपाला उत्तर असे, की ब्राउझरमागचा सर्व्हर सांभाळणारा माणूस टर्मिनलमध्येच बसलेला असतो आणि आपली मुले त्याच नोकरीसाठी मुलाखतीला जातात. पहिल्या आक्षेपासाठी एवढेच सुचवते, की हे सर्व दोन तासांच्या एका प्रात्यक्षिकात बसते, आणि पुढच्या प्रत्येक प्रात्यक्षिकातला खिडक्या बंद करण्यात जाणारा वेळ वाचवते. परीक्षेत जे विचारले जाते तेच शिकवले जाते, ही आपल्याकडची रीत लातूर पॅटर्नच्या या मुलखात कोणाला नव्याने सांगायला नको. तेव्हा बदल परीक्षेतूनच व्हावा.

विद्यापीठांच्या संगणकशास्त्र अभ्यासमंडळांना आणि तंत्रशिक्षणाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना माझी विनंती आहे, की लिनक्सच्या जर्नलमधील पहिले प्रात्यक्षिक 'एसटीटीवाय डॅश ए'च्या वाचनाचे असावे आणि त्यात कंट्रोल कळांची तालिका विद्यार्थ्याने स्वतः मोजून भरावी. प्रात्यक्षिक परीक्षेत पाच आज्ञा लिहा हा प्रश्न विचारण्याऐवजी परीक्षकांनी मुद्दाम बिघडवलेले टर्मिनल, कधी थिजलेले, कधी अक्षरे न उमटणारे, विद्यार्थ्यासमोर ठेवावे आणि ते खिडकी बंद न करता दुरुस्त करण्यास गुण द्यावेत. तोवर सहअध्यापकांनी निदान एका पानाची मराठी तालिका प्रत्येक यंत्राशेजारी चिकटवावी. अशी तालिका मी तयार केली आहे, आणि आपल्या दैनिकाच्या शिक्षणविषयक पानावर तिला जागा मिळाल्यास मी ती आनंदाने पाठवीन.

कळावे,
आपली विश्वासू,
संगणकशास्त्राची एक अध्यापिका, परभणी